उजव्या बोटाची शाई

२० नोव्हेंबर २०२४ रोजी, विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी, माझ्या दोन बोटांना शाई लागली. डाव्या हाताच्या तर्जनीवरची शाई माझी. उजव्या हाताच्या तर्जनीवरची दुसऱ्याची. पुढच्या रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात दोघातिघांनी ती पाहिली आणि हसत विचारले, "काय सर, दोनदा मतदान केलंत की काय?" मीही हसून वेळ मारून नेली. पण तो प्रश्न वाटतो तितका थट्टेचा नव्हता. त्या सकाळी दोन मिनिटांपुरती माझ्या हातात खरोखरच दोन मते होती, आणि त्यांतल्या एकाचे मी काय करतो हे पाहणारे तिथे कुणीही नव्हते.

आम्ही खांदा कॉलनीत राहतो. सिडकोने वसवलेल्या इतर वसाहतींसारखीच ही वसाहत. कुणी घाटावरून आलेले, कुणी कोकणातून, कुणी मुंबईतल्या चाळीतून. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक मावशी राहतात. माझे त्यांच्याशी नाते काही नाही, पण सगळी इमारत त्यांना मावशीच म्हणते. यजमान गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले बरेच जण पुन्हा आत गेलेच नाहीत. मावशींचे यजमान त्यांतले एक. मिळेल ते काम करत त्यांनी पुढे इथे लहानसे घर घेतले आणि काही वर्षांपूर्वी ते वारले. मुलगा नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात असतो. महिन्याला पैसे पाठवतो, रोज फोन करतो. वाईट मुलगा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मावशींचे वय तेव्हा ८२. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. उजेड-अंधार कळतो, बाकी काही नाही. हल्ली वयोवृद्धांना घरी बसून मत देता येते हे आपल्याला ठाऊक आहे. पण ती वयाची अट आधी ८० होती, ती २०२४ च्या लोकसभा निवडणुकीआधी ८५ करण्यात आली. मावशी तीन वर्षांनी कमी पडल्या. अपंगत्वाचे प्रमाणपत्र असते तर चालले असते, पण ते कधी काढलेच नव्हते. तसेही त्या घरी बसून मत द्यायला तयार झाल्या असत्या असे मला वाटत नाही.

कारण त्यांनीच सांगितले. आदल्या रात्री मी त्यांच्या दाराशी गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "मास्तर, उद्या मला नेताल का? सत्तावन्न वर्सं मत देतीया, पर एकदाबी माझं म्हणून न्हाई दिलं."

पहिले मत त्यांनी १९६७ साली दिले. तेव्हा एकविसाव्या वर्षी मताधिकार मिळे; तो अठराव्या वर्षी आणला १९८९ सालच्या घटनादुरुस्तीने. साताऱ्याकडच्या खेड्यात सासऱ्यांनी सगळ्या सुनांना ओळीने उभे करून कुठल्या चित्रावर शिक्का मारायचा ते सांगितले. मुंबईला आल्यावर यजमान सांगत. यजमान गेल्यावर मुलगा सांगू लागला. "त्येंनी काय वंगाळ सांगितलं आसंल असं न्हाई," मावशी म्हणाल्या, "पर मी इचारच केला न्हाई कदी. ह्या वक्ताला केलाय." आणि त्यांनी एका चिन्हाचे नाव घेतले.

ते चिन्ह कुठले हे मी इथे लिहिणार नाही. माझे मत कुणाला होते तेही लिहिणार नाही, कारण ते सांगितले तर वाचक मावशींचे ओळखायला लागतील. एवढे मात्र सांगणे भाग आहे की ते चिन्ह ऐकून मला धक्का बसला. त्या उमेदवाराविषयी माझे मत चांगले नव्हते. मी त्यांना तसे म्हटलेही. वर्तमानपत्रात वाचलेल्या चार गोष्टी सांगितल्या. त्यांनी सगळे नीट ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "आमचे हे गेले तवा त्येंच्यातला एक पोरगा फाटंपोतर स्मशानात बसला हुता. माझा भाऊबी निगून गेला हुता."

यावर मी काय बोलणार? हे काही कारण झाले का, असे मनात आले. एका कार्यकर्त्याच्या एका रात्रीसाठी पाच वर्षांचे राज्य कुणाच्या हाती द्यायचे? घरी येऊन मी हिला तसे म्हणालो. ही म्हणाली, "आणि तुम्ही कशावरून ठरवता?" मी उत्तर द्यायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर थांबलो. माझे मत वाचनातून बनले आहे असे मी समजत होतो. पण खरे बोलायचे तर वाचनाच्या कितीतरी आधी ते बनले होते आणि वाचन नंतर त्याच्या पाठीशी येऊन उभे राहिले होते.

सकाळी साडेसातला मुलाचा फोन. "सर, आईला तुम्ही नेताय ना? तिला काय कळत नाही हो, टीव्हीसुद्धा दिसत नाही. कुणी काही भरवलंय तिच्या डोक्यात. तुम्ही जरा..." आणि त्याने एक नाव सांगितले. वाचकहो, गंमत अशी, की ते नाव माझ्याच पसंतीचे होते.

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. "बघू" म्हणालो. आपण मराठी माणसे "बघू" या शब्दाच्या आडोशाला किती गोष्टी ठेवतो, यावर कधीतरी वेगळे लिहायला हवे.

केंद्र जवळच्या एका शाळेत होते. पनवेल विधानसभा मतदारसंघ सहा लाखांहून अधिक मतदारांचा, त्यामुळे एकाच शाळेत कितीतरी खोल्या, आणि प्रत्येक खोलीपुढे रांग. मावशींना पाहून लोकांनी वाट दिली. मोबाइल बाहेरच ठेवायचे होते, तो मी शेजारच्या मुलाकडे दिला. त्या दिवशी मला हा नियम फार बरा वाटला. निदान आत तरी फोन येणार नव्हता.

केंद्राध्यक्ष बाई बहुधा शिक्षिकाच असाव्यात. आवाज तसा होता. त्यांनी मावशींना दोन प्रश्न विचारले, बोटे दिसतात का ते पाहिले, आणि मला बाजूला घेऊन नियम सांगितला. १९६१ च्या निवडणूक नियमांत ही तरतूद आहे. ज्या मतदाराला अंधत्वामुळे वा अशक्तपणामुळे चिन्ह ओळखता येत नाही किंवा बटण दाबता येत नाही, त्याला अठरा वर्षे पूर्ण झालेला एक सोबती नेता येतो. तो नातेवाईक असलाच पाहिजे असे नाही. मात्र त्याने त्या दिवशी दुसऱ्या कुणाचा सोबती झालेला असता कामा नये, आणि मतदाराने दिलेले मत आपण गुप्त ठेवू असे त्याने लिहून द्यायचे. एका पक्षाच्या प्रतिनिधीने विचारले, "हे यांचे कोण?" मावशीच म्हणाल्या, "शेजारी." मी घोषणापत्रावर सही केली. मग मावशींच्या डाव्या बोटाला शाई आणि माझ्या उजव्या. सोबत्याने दिवसभरात दुसऱ्या कुणाला आणू नये म्हणून ही खूण. १९६२ च्या निवडणुकीपासून म्हैसूरच्या कारखान्यातून येणारी ती जांभळी शाई लोक अभिमानाने दाखवतात. माझ्या उजव्या बोटावर ती लागताना मला मात्र कुणीतरी माझ्याकडून वचन घेतो आहे असे वाटले.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे आम्ही दोघे गेलो. यंत्रावर ब्रेल लिपीत अनुक्रमांक असतात, पण ब्रेल लहानपणी शिकलेल्याला उपयोगी. म्हातारपणी डोळे गेलेल्याला ती नुसती खडबडीत जागा. मावशींनी बोटाने दोन-तीन बटणे चाचपली आणि हात मागे घेतला. हळूच चिन्हाचे नाव पुन्हा सांगितले. मग त्यांनी आपली तर्जनी पुढे केली आणि म्हणाल्या, "माझंच बोट धरून ठिवा तिथं."

मी त्यांचे बोट धरले. आणि तिथे मी थांबलो.

किती वेळ थांबलो ते सांगता येत नाही. चार सेकंद असतील, दहा असतील. यंत्राशेजारच्या खिडकीत चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि मग खाली पडते. ती दिसणार होती मला एकट्याला. बीप सगळ्यांना सारखाच ऐकू येतो, कुठलेही बटण दाबा. मुलाची तशी इच्छा होती. माझी तशी इच्छा होती. आणि मनात एक सुंदर युक्तिवादही तयार झाला, कारण अशा वेळी युक्तिवाद कधी कमी पडत नाहीत.

तो युक्तिवाद माझा नव्हता. आपल्या आगरकरांवर ज्यांचा मोठा प्रभाव होता त्या जॉन स्टुअर्ट मिल यांचा तो होता, मी फक्त माझ्या सोयीने वळवून घेतला होता. १८६१ साली प्रातिनिधिक शासनावर लिहिलेल्या ग्रंथात मिल म्हणतात, की मत ही माणसाची खाजगी मालमत्ता नव्हे, ती समाजाने त्याच्याकडे सोपवलेली ठेव आहे. म्हणून ते समाजाच्या हिताकडे पाहूनच द्यायला हवे. याच कारणासाठी ते गुप्त मतदानाच्या विरोधात गेले. ठेवीचा हिशेब उघड्यावर द्यावा, असे त्यांचे म्हणणे. इंग्लंडने त्यांचे ऐकले नाही. १८७२ साली तिथे गुप्त मतदान आले. त्याच ग्रंथात त्यांनी आणखी एक गोष्ट सुचवली आहे जी आज वाचताना अवघडल्यासारखे होते: शिकलेल्या माणसाला एकाहून अधिक मते असावीत.

आता पाहा. मत ही समाजाची ठेव. समाजाचे हित कशात आहे हे निवृत्त शिक्षकाला मावशींपेक्षा अधिक कळते. मग मावशींचे बोट एक-दोन इंच वर किंवा खाली सरकवणे ही लबाडी कशी? ती तर समाजसेवा! मिलसाहेबांनी मला दोन मते दिली असती, ती या पुठ्ठ्यामागे मला आयतीच मिळाली होती.

हा विचार मी जितक्या विस्ताराने लिहितो आहे तितक्या विस्ताराने तेव्हा आला नव्हता. तेव्हा फक्त त्याचा वास आला. पण घरी आल्यावर तो मी सोडवून पाहिला आणि त्यातली गाठ सापडली. ठेव असेल तर ती कुणाकडे ठेवलेली आहे? समाजाने ती मावशींकडे ठेवली आहे, माझ्याकडे नाही. माझ्याकडे एकच ठेव होती, मावशींनी माझ्या हातात दिलेले त्यांचे बोट. मला हिशेब द्यायचा तो त्या बोटाचा. मिल यांच्याशीही इथे न्याय करायला हवा. शिकलेल्याला जादा मते सुचवणाऱ्या याच माणसाने १८६७ साली ब्रिटिश संसदेत स्त्रियांना मताधिकार मिळावा अशी दुरुस्ती मांडली होती. ती पडली, पण मांडली त्यांनीच. बाईचे मत तिच्या बापाच्या किंवा नवऱ्याच्या मतात आलेलेच असते, या समजुतीवरच तो घाव होता. म्हणजे सासरे, यजमान आणि मुलगा यांच्या रांगेत चौथा म्हणून उभे राहायला मिल यांचा आधार मला मिळाला नसता.

आपल्या देशाने ही रांग फार लवकर पाहिली आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदार यादी बनवताना लाखो स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढीच ओळख. त्या वेळचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद चालणार नाही असा आग्रह धरला, आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली. बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या. निर्णय कठोर होता, त्या वेळी त्यावर टीकाही झाली. पण त्यामागचा विचार मला त्या दिवसापासून अधिक कळतो. अमक्याची आई मत देत असेल तर मत अमक्याचेच होते.

आपल्या वाचकांपैकी काहींच्या मनात आणखी एक शंका येईल, ती माझ्याही मनात आली. मला जो उमेदवार अयोग्य वाटतो त्याच्या पारड्यात मत टाकायला मीच हात दिला, तर दोष माझ्याकडेही येतो ना? नीतिशास्त्रातला हा जुना प्रश्न. संत अल्फोन्सस लिगोरी (१६९६-१७८७) यांनी सहकार्याचे दोन प्रकार वेगळे केले: दुसऱ्याच्या वाईट हेतूत मनाने सामील होणे, आणि तो हेतू आपला नसताना केवळ कृतीला हातभार लागणे. पहिले कधीच क्षम्य नाही. दुसऱ्याचा विचार कारण किती मोठे आणि हातभार किती जवळचा हे पाहून करायचा. हे वाचून मला हायसे वाटले, आणि लगेच लाजही वाटली. मावशींच्या हेतूत वाईट काय होते? मला न आवडणाऱ्याला मत देणे हे पाप नव्हे. मी माझ्या नावडीला पापाची उंची देऊन तिच्यावर उभा राहू पाहत होतो.

समजा, उमेदवार खरोखरच दुष्ट असता. समजा, त्याला मिळालेल्या मतातून माणसे मरणार हे मला स्वच्छ दिसत असते. तरी मार्ग एकच होता: आदल्या रात्री दारातच सांगायचे, "मावशी, हे माझ्याने होणार नाही, दुसऱ्या कुणाला न्या." नकार उजेडात देता येतो. पुठ्ठ्यामागे जे करता येते त्याला नकार म्हणत नाहीत. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली, आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात, मतदान हा नागरिकाचा हक्कही आहे आणि कर्तव्यही असे म्हटले, आणि ते मत मुक्त असावे असेही. मुक्त मत म्हणजे शहाणे मत असे तिथे म्हटलेले नाही. शहाणपणाची अट घातली तर रांगेत किती जण उरतील कोण जाणे, आणि मी त्यांत असेन याची मला आता पूर्वीइतकी खात्री नाही.

असो. मी मावशींचे बोट त्यांनी सांगितलेल्या चिन्हासमोरच्या बटणावर नेले. त्यांनी दाबले. लाल दिवा लागला, चिठ्ठी दिसली, बीप झाला. "पडली का चिट्टी?" त्यांनी विचारले. "पडली," मी म्हणालो. त्यांनी यापुढे काहीच विचारले नाही. खोलीबाहेर आल्यावर त्यांनी पदराने डोळे पुसले, पण काचबिंदूमुळे त्यांचे डोळे तसेही पाझरतात, म्हणून मी त्यावरून काही ठरवत नाही.

मग त्यांना बाकावर बसवून मी माझे मत दिले, त्यांच्या मताच्या बरोबर विरुद्ध. एका अर्थी मी त्या सकाळी स्वतःचे मत स्वतःच फिटवून आलो.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. "सर, झालं ना काम?" मी म्हणालो, "मतदान छान झालं." तो म्हणाला, "थँक्यू सर." फोन ठेवला आणि मला कळले की मी एक शब्दही खोटा न बोलता खोटे बोललो आहे. गुप्ततेच्या वचनाखाली मी लपलो होतो. वचन होते मावशींचे मत न सांगण्याचे. मुलाला त्याच्या समजात सुखाने राहू देण्याचे नव्हते. ही गोष्ट मला यंत्रापुढच्या थांबण्यापेक्षाही जास्त टोचली, कारण यंत्रापुढे मोह होता आणि फोनवर फक्त भित्रेपणा. तिसऱ्या दिवशी मीच त्याला फोन केला. "हे बघ, कुणाला ते मला सांगता येत नाही, मी लिहून दिलं आहे. पण आईने जे सांगितलं तेच झालं आहे." तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे?" मी म्हणालो, "म्हणजे तेवढंच." पुढचे काही महिने इमारतीच्या जिन्यात भेटला की तो मान हलवून पुढे जात असे. आता बोलतो.

२३ नोव्हेंबरला निकाल लागला. मावशी दारात मटार सोलत बसल्या होत्या. निकाल मी त्यांना सांगितला. "बरं," म्हणाल्या, आणि पुढची शेंग घेतली.

उजव्या बोटाची शाई नखाच्या मुळाशी बरेच दिवस राहिली. ती गेली तेव्हा मी हा विषय संपला असे समजलो. पण १५ जानेवारी २०२६ रोजी आमच्या महानगरपालिकेचे मतदान आले. यात एका प्रभागातून अनेक नगरसेवक निवडायचे, म्हणून एकाहून अधिक बटणे दाबायची. मावशी ८३ पूर्ण. मी सकाळी अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून तयार राहिलो. आठ वाजले, नऊ वाजले. खाली जाऊन पाहतो तर दाराला कुलूप. दहाच्या सुमारास त्या दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीचा हात धरून परत येताना दिसल्या. ती मुलगी कॉलेजात शिकते, नुकतीच एकोणीस वर्षांची झाली आहे. तिच्या उजव्या बोटाला शाई होती.

मला वाईट वाटले, ते लपवता आले नाही. "मावशी, मला का नाही बोलावलंत?"

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड केले. रागावलेल्या मुळीच नव्हत्या.

"तुमी लई येळ लावला हुता, मास्तर," त्या म्हणाल्या.